जैसलमेरच्या पुढचे वाळवंट : सम टाळून काय पाहावे?

मृद्गंध (कोथरूड)

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात आम्ही घरचे पाच जण थरच्या वाळवंटात जाण्याचा विचार करीत आहोत. बरोबर सासूबाई आणि सासरे असतील. दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत आणि चालते-फिरते आहेत, फक्त सासूबाईंचे गुडघे दुखतात. शिवाय सातवीत शिकणारा मुलगा आहे. पुण्यातील काही सहल कंपन्यांकडे चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी थोड्याफार फरकाने एकच कार्यक्रम पुढे ठेवला. सकाळी जैसलमेरचा किल्ला आणि पटवांची हवेली, दुपारनंतर सम या वाळूच्या टेकड्यांच्या ठिकाणी उंटावरून फेरी आणि जीपची सफर, रात्री तंबूत नाचगाणे व जेवण, दुसऱ्या दिवशी नाश्ता करून परत.

आमची अपेक्षा थोडी निराळी आहे. वाळवंटात माणसे राहतात कशी, पाणी कोठून आणतात, तेथे काय उगवते आणि कोणते प्राणी-पक्षी हिंडतात, हे मुलाने पाहावे आणि आम्हीही पाहावे, असे मनात आहे. ध्वनिवर्धकावरची हिंदी गाणी ऐकण्यासाठी बाराशे किलोमीटर जाण्याची गरज नाही, गणपतीत ती घरबसल्या ऐकू येतात.

सामान्य प्रवाशाला जैसलमेरपासून सीमेच्या दिशेने कोठपर्यंत जाता येते आणि त्यासाठी परवानगी लागते का? माळढोक पक्षी दिसण्याची शक्यता कितपत आहे? ज्येष्ठांना रात्रीची थंडी झेपेल का? आणि नाताळच्या सुट्टीत जावे की शाळा बुडवून जानेवारीत? जे प्रत्यक्ष जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडकवासला

मृद्गंध, कार्यक्रम आखताना वाळूऐवजी पाण्याचा माग काढत जावे, असे मी सुचवेन. म्हणजे तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे वाटेतच मिळत जातील. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेले असल्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

थर म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेल्या वाळूच्या टेकड्या, ही कल्पना आधी बाजूला ठेवावी लागते. जैसलमेरच्या परिसरात पिवळा चुनखडक, वालुकाश्म, बारीक खड्यांची सपाट माळराने, खुरटी झुडपे आणि सेवण गवताची कुरणे यांचाच भाग मोठा आहे. उघड्या वाळूचे पट्टे त्यात अधूनमधून येतात. सम हा त्यांपैकीच एक पट्टा, शहरापासून पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, आणि तेथवर चांगला रस्ता असल्यामुळे प्रसिद्धी पावलेला. या भागात वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. पुण्यात तो साधारण ७०० मिलिमीटर असतो, यावरून तुलना करावी. जो पडतो तोही मोजक्या सरींत, आणि खोल विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी खारट. अशा जागी रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये शहर वसवले आणि ते आजतागायत नांदते आहे, याचे श्रेय तेथील लोकांच्या पाणी साठवण्याच्या पद्धतींना द्यावे लागते.

म्हणून पहिली सकाळ कुलधरा आणि खाभा या ओस पडलेल्या गावांच्या बाजूला घालवावी. कुलधरा येथे भुताखेतांच्या गोष्टी सांगणारे वाटाडे भेटतील. दिवाण सालिमसिंहाच्या जाचामुळे पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे सोडली, ही कथा तर प्रत्येक जण सांगेल. पाणी आटत गेल्यामुळे आणि कराच्या ओझ्यामुळे गावे हळूहळू ओस पडली असावीत, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे, आणि मला ते अधिक पटते. पण या वादात अडकून तेथूनच परत फिरू नये. पालीवालांची मोठी कामगिरी म्हणजे खडीन, आणि ते पाहण्यासाठी गावाबाहेर जावे लागते. खडकाळ उतारावरून वाहत येणारे पावसाचे पाणी पायथ्याशी घातलेल्या लांबलचक मातीच्या बांधाला अडते आणि गाळासह तेथेच मुरते. पेरणीच्या सुमारास उरलेले पाणी मोरीतून काढून देतात आणि त्या ओलीवर गहू किंवा हरभरा घेतात. पीक निघेपर्यंत वरून पाणी द्यावे लागत नाही. बऱ्यापैकी पाऊस झालेल्या वर्षी हिवाळ्यात गेलात, तर बांधाच्या एका अंगाला बोडका खडक आणि दुसऱ्या अंगाला हिरवे शेत असे दिसते. शेतमालकाची परवानगी घेऊन मुलाला त्या मातीत बोट खुपसून पाहू द्या. वरचा पापुद्रा वाळून चिरलेला असतो, आणि थोडे खाली गेले की माती गार लागते व बोटाला चिकटते. पाऊस दडी मारतो त्या वर्षी मात्र खडीन कोरडेच राहते, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे बेरी, अर्थात अरुंद तोंडाच्या उथळ विहिरी. तळ्याच्या किंवा सखल भागाच्या वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा थर असेल तर आणखी खाली, खाऱ्या पाण्यात, उतरत नाही. त्या थरावर रेंगाळणारी ओल बेरीत पाझरते आणि ती वाटी-वाटीने गोळा होते. जुन्या बेरीच्या काठावरच्या दगडांवर दोराने पडलेल्या खोल खाचा पाहिल्या की किती पिढ्यांनी येथे पोहरा ओढला असेल याचा अंदाज येतो.

आणि मग, शक्य असल्यास त्याच दिवशी, रामगढ किंवा मोहनगढच्या बाजूला इंदिरा गांधी कालवा पाहावा. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळील हरिके बंधाऱ्यापासून निघालेले पाणी सुमारे साडेसहाशे किलोमीटर चालून येथे पोहोचते. एका बाजूला वाळूचा ढीग आणि लगेच शेजारी मोहरी, जिरे, भुईमूग यांची शेते, असे दृश्य प्रथम पाहणाऱ्याला थोडे अविश्वसनीय वाटते. कालव्याने समृद्धी आणली. त्याचबरोबर काही ठिकाणी जमिनी पाणथळ झाल्या, डास आले आणि जुनी तळी-बेरींची निगा सुटत गेली. याच मोहनगढ भागात डिसेंबर २०२४ मध्ये एका शेतात बोअर घेताना जमिनीतून पाण्याचा असा लोट उसळला की खोदाईचे यंत्र ट्रकसकट खड्ड्यात गेले. ती बातमी आपल्याकडेही दाखवली गेली होती.

बाडमेर रस्त्यावर सतरा-अठरा किलोमीटरवर आकल येथे काष्ठ जीवाश्म उद्यान आहे. ज्युरासिक काळातील, म्हणजे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष तेथे दगड होऊन पडलेले आहेत. सर्वांत लांब खोड सुमारे तेरा मीटरचे आहे. लोखंडी जाळ्या आणि वर पत्रे असल्यामुळे पहिल्या दृष्टीला ते भाजीमंडईतील गाळ्यांसारखे दिसते आणि बरेच प्रवासी पाच मिनिटांत परततात. तरी जाळीजवळ बसून खोडाचा पोत नीट पाहावा. लाकडाच्या रेषा इतक्या स्पष्ट आहेत की हात लावल्यावर थंड दगड लागतो तेव्हाच खात्री पटते.

चाकरमानी (पिंपरी)

खडकवासला सरांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु सत्तरीतील दोन माणसे बरोबर आहेत हेही ध्यानात घ्यावे. समची सरसकट निंदा करण्याची आता पद्धतच पडली आहे. तेथे मोटार तंबूच्या दारापर्यंत जाते, खोलीला जोडून शौचालय असते, गरम पाणी मिळते आणि जेवण वेळेवर येते. आतल्या एखाद्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, उतरलात तर या चारही गोष्टींची शाश्वती नसते. गोंगाट प्रामुख्याने २४ डिसेंबर ते २ जानेवारी या काळात असह्य असतो, आणि त्याच दिवसांत दरही दुपटीच्या पुढे जातात. जानेवारीच्या मध्यावर, तेही शनिवार-रविवार सोडून गेलात, तर समही सुसह्य असते. गोंगाट अजिबात नको असेल तर नैर्ऋत्येला खुरी नावाचे गाव आहे. तेथे गावातच, मातीच्या घरांत उतरण्याची सोय होते आणि टेकड्या अगदी जवळ आहेत.

आणखी एक सूचना. जैसलमेरमध्ये उतरताना किल्ल्याच्या आतील हॉटेल घेण्याचा मोह टाळावा. किल्ल्यात आजही लोक राहतात आणि २०१३ पासून तो राजस्थानातील इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. परंतु नळाचे पाणी आणि सांडपाणी पायातील मातीत मुरत गेल्यामुळे त्याचे बुरूज आणि भिंती खचत आल्या आहेत. आपण आत राहून आणखी पाणी ओतण्यापेक्षा खाली शहरात राहावे. गच्चीवरून किल्लाही उत्तम दिसतो, आणि सासूबाईंना सामान घेऊन चढ चढावा लागत नाही.

तुरेवाला चंडोल

माळढोकाबद्दल लिहितो. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, पण आज तेथे माळढोक दिसणे ही बातमी व्हावी अशी स्थिती आहे. जगात उरलेले पक्षी दीडशेच्या आत आहेत असे मानले जाते आणि त्यांतील बहुसंख्य जैसलमेर जिल्ह्यातच आहेत. त्यामुळे ज्याला हा पक्षी मोकळ्या माळावर पाहायचा आहे, त्याच्यासमोर आता एवढाच पर्याय उरला आहे.

जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या मरू राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. सुप्याजवळचे आपले मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचे आहे, यावरून व्याप्तीची कल्पना यावी. मात्र एवढ्या क्षेत्रात भिंती-दरवाजे नाहीत. आत गावे आहेत, गुरे चरतात, शेतीही होते. पक्षी पाहण्यासाठी सुदासरी येथील कुंपण घातलेल्या संरक्षित भागाकडे जावे, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी जैसलमेरमध्ये आधी काढून ठेवावी. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा. मोटारीतून न उतरता, हॉर्न न वाजवता, पहाटेच्या गारव्यात सावकाश फिरावे लागते. माळढोक मीटरभर उंचीचा असला तरी गवतात मान खाली घालून चालत असेल तर नजरेसमोरून निसटतो. त्याने मान ताठ केली की पांढरी मान आणि डोक्यावरची काळी टोपी दिसते. मग तो दोन-चार पावले टाकून थांबतो आणि पुन्हा गवतात चोच घालतो. उडाला तर समजावे की आपण फार जवळ गेलो. तसे होऊ देऊ नये.

दिसण्याची हमी कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. माळढोक दिसला नाही तरी सकाळ वाया जात नाही, कारण चिंकारा, वाळवंटी कोल्हा, तुरेवाले चंडोल आणि हिवाळ्यात येणारे गरुड व गिधाडे बहुधा दिसतातच.

वाटेवर पवनचक्क्या आणि विजेच्या तारांचे जाळे दिसेल, त्याचा संबंध मुलाला जरूर सांगावा. नर माळढोक पंधरा किलोपर्यंत वजनाचा असतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे उडताना समोरचे फारसे दिसत नाही, आणि तार अगदी जवळ आल्यावर एवढे वजन वळवणे त्याला जमत नाही. तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, परंतु सौरऊर्जा व पवनऊर्जेच्या प्रकल्पांना तो पाळणे अवघड असल्याचे सरकारने मांडल्यावर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. प्रदूषण न करणारी वीज आणि नामशेष होणारा पक्षी एकाच माळावर समोरासमोर उभे ठाकले आहेत, आणि माझे मत पक्ष्याच्या बाजूने आहे, कारण तारांची जागा बदलता येते. सम आणि रामदेवरा येथे कृत्रिम प्रजननाची केंद्रे आहेत व २०२४ मध्ये कृत्रिम गर्भधारणेतून पिल्लूही जन्मले, पण ती केंद्रे पर्यटकांसाठी नाहीत. तेथे जाण्याचा आग्रह धरू नये.

जोधपूरहून जैसलमेरला मोटारीने जाणार असाल तर फलोदीजवळील खीचन येथे थांबावे. हजारो करकोचे, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात, हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात आणि गावकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालतात. जून २०२५ मध्ये या जागेला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. भिगवणला रोहित पाहण्यासाठी पहाटे उठणाऱ्या पुणेकरांना येथे फार त्रास घ्यावा लागत नाही, कारण पक्षी गावाच्या कडेलाच उतरतात.

मृद्गंध (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. नाताळ रद्द, संक्रांतीनंतर जायचे, एवढे घरी ठरले आहे. सासऱ्यांना लोंगेवालाची युद्धभूमी पाहण्याची फार इच्छा आहे, परंतु सीमेजवळ जाणे कितपत सुरक्षित आहे याबद्दल सासूबाई साशंक आहेत. कोणी याबद्दल लिहू शकेल का? स्वतःची मोटार नेणे योग्य की रेल्वेने जाऊन तेथे गाडी ठरवणे योग्य, हेही कळवावे.

कऱ्हाकाठ

ताई, नोकरीची काही वर्षे मी त्याच भागात गणवेशात काढली आहेत, त्यामुळे सांगू शकतो. तनोट आणि लोंगेवाला येथे भारतीय नागरिकाला विशेष परवान्याशिवाय जाता येते. ओळखपत्र प्रत्येकाचे, मुलाचेसुद्धा, मूळ प्रत बरोबर ठेवावे. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेवरील चौकीकडे जायचे असल्यास सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. ती मिळेल असे गृहीत धरून दिवस आखू नये. तुमच्याबरोबर परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक येणार असतील तर त्यांना अधिसूचित सीमाभागासाठी जिल्हा प्रशासनाचा परवाना आवश्यक आहे, ही बाब अनेकांच्या ऐन वेळी लक्षात येते. ड्रोन घरी ठेवावा. जवान, वाहने, चौक्या यांची छायाचित्रे काढू नयेत. सीमेवर तणाव असेल त्या काळात हा भाग बंद होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी जैसलमेरमध्ये चौकशी करावी. एरवी सासूबाईंनी काळजी करण्यासारखे काही नाही.

जैसलमेर–रामगढ–तनोट–लोंगेवाला–रामगढ–जैसलमेर असा फेरा अडीचशे किलोमीटरच्या वर जातो. सकाळी लवकर निघावे. रामगढला इंधनाची टाकी भरून घ्यावी, तेथेच चहा-नाश्ता करावा, कारण पुढे विशेष काही मिळत नाही आणि मोबाईलचे नेटवर्कही जाऊन-येऊन असते. रस्ते उत्तम आहेत आणि इतके सरळ की चालकाला डुलकी लागण्याचाच धोका अधिक. क्वचित वाळू वाहून रस्त्यावर आलेली असते. तिच्यावर ब्रेक दाबू नये, वेग आधीच कमी करावा. वाटेत कुंपण घातलेला किंवा लष्करी फलक लावलेला भाग दिसल्यास आत शिरू नये, आणि जमिनीवर पडलेल्या धातूच्या कोणत्याही तुकड्याला हात लावू नये. या पट्ट्यात सरावाची मैदाने आहेत, म्हणून मुलाला हे निघण्याआधीच बजावून ठेवावे.

तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या आवारात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, अशी श्रद्धा आहे, आणि ते गोळे आजही तेथे ठेवलेले आहेत. लोंगेवाला येथे डिसेंबर १९७१ मध्ये ४ आणि ५ तारखेच्या मधल्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी पाकिस्तानी रणगाड्यांसमोर पाय रोवून उभी राहिली. विमाने रात्री लढू शकत नव्हती, म्हणून पहाटेपर्यंत टिकून राहणे एवढेच त्यांच्या हाती होते. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली आणि उघड्या वाळूत रुतलेल्या रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही. चांदपुरी यांना महावीर चक्र मिळाले. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो, तरीही सासऱ्यांना त्या स्मारकापाशी थांबून भोवतालच्या जमिनीकडे नीट पाहायला सांगा. टेकडी कोणती, सपाटी कोणती, मऊ वाळू कोठे सुरू होते, हे लक्षात आले म्हणजे लढाई का तशी झाली ते आपोआप समजते.

चाकरमानी (पिंपरी)

मोटारीबद्दल : पुण्याहून जोधपूरला थेट रेल्वे आहे. जैसलमेरची विमानसेवा हंगामी असते, तिच्या भरवशावर राहू नये. जोधपूरहून पुढे रेल्वेने किंवा भाड्याच्या गाडीने जावे. सुमारे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर अंतर आहे. गुजरातमार्गे स्वतःची गाडी नेणारे पुष्कळ आहेत आणि तो प्रवास सुंदरही आहे, परंतु तुमच्या मंडळींसाठी मी तो सुचवणार नाही. शिवाय त्या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवूच नये, कारण गाई आणि उंट रस्त्याच्या मधोमध बसलेले असतात आणि समोरच्या दिव्यांच्या झोतात ते फार उशिरा दिसतात. स्थानिक चालकाला वाटा, ढाण्या आणि माणसे माहीत असतात, हा फायदा वेगळाच.

जाता-जाता एक पर्याय सुचवतो. अंतर जास्त वाटत असेल तर कच्छचा विचार करावा. पुण्याहून भुजला थेट गाडी आहे आणि धोलावीरा हे हडप्पाकालीन शहरही पाहून होते.

खडकवासला

कच्छचे रण अवश्य पाहावे, पण ते या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. ती समुद्राच्या भरतीचे आणि पावसाचे पाणी आटून मागे राहिलेली मिठाची सपाटी आहे. मृद्गंध यांना वाळवंटातील वस्ती, शेती आणि पाणी पाहायचे आहे, त्यामुळे थरच योग्य.

एक गोष्ट मागे राहिली होती ती लिहितो. रस्त्याच्या कडेला एकाएकी झाडांची दाट राई लागली आणि मध्ये देवीचे ठाणे दिसले तर ते ओरण समजावे. आपल्याकडे जशी देवराई, तशीच व्यवस्था. तेथील झाड तोडत नाहीत, वाळलेली फांदीही घरी नेत नाहीत, गुरांना मात्र चरण्यास मुभा असते. जैसलमेर जिल्ह्यातील देगराय मातेचे ओरण मोठे आहे. खेजडी, म्हणजे आपली शमी, तेथे ओळखता येईल, तसेच केर आणि रोहिडाही. जेवणात केर-सांगरीची भाजी येते, त्यातील सांगरी म्हणजे या खेजडीच्याच शेंगा. दुष्काळात माणसे आणि जनावरे दोघांनाही जगवणारे हे झाड आहे, म्हणून १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली येथे बिष्णोई समाजाच्या ३६३ जणांनी त्याच्यासाठी प्राण दिले, हा इतिहास मुलाला झाडासमोरच सांगावा.

मृद्गंध (कोथरूड)

फारच उपयुक्त माहिती मिळाली. आणखी तीन शंका विचारते आणि थांबते. सासूबाईंनी उंटावर बसावे का? मांगणियार कलाकारांचे गाणे ध्वनिवर्धकाविना ऐकण्याची काही सोय होते का? आणि रात्र तंबूत काढावी की कसे?

कऱ्हाकाठ

उंट आधी मागचे पाय उचलून उठतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. बसतानाही तसाच हिसका बसतो. गुडघे आणि कंबर दुखत असेल त्याने हा प्रयोग करू नये. उंटगाडी मिळते. तिच्यावर गादी टाकून सासूबाईंना आरामात नेता येईल. मुलगा आणि तुम्ही बसणार असाल तर उठताना मागे झुकावे आणि खोगिराची कडी घट्ट धरावी. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात अडीच लाखांच्या आसपासच उंट उरल्याचे दिसले. ओझ्यासाठी ट्रॅक्टर आला आणि चराईच्या जमिनी आटल्या, म्हणून पाळणाऱ्यांना आता प्रवाशांच्या फेऱ्यांचाच आधार आहे. तेव्हा घासाघीस बेताची करावी.

गाण्याबद्दल : मांगणियार हे पिढीजात गायक आहेत. ते मुसलमान असून त्यांचे यजमान बहुधा राजपूत असतात, आणि यजमानांच्या घरच्या जन्म-लग्नात गाणे हा त्यांचा वंशपरंपरागत अधिकार आहे. उतरण्याच्या ठिकाणी आधीच कळवावे की चित्रपटगीते नकोत, एक-दोन कलाकार बोलावून अंगणात ऐकायचे आहे. मानधन थेट कलाकारांच्या हाती द्यावे आणि रक्कम आधी ठरवावी. कमायचा वाजवणारा कोणी मिळाला तर सोडू नये. पोटावर कातडे ताणलेले आणि गजाने वाजवायचे हे वाद्य आता थोडेच लोक वाजवतात. हमीरा गावचे साकर खाँ यांना त्याबद्दल २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली होती.

तुरेवाला चंडोल

तंबूचे उत्तर मी देतो. कापडी तंबू टाळावा आणि मातीच्या जाड भिंतींची, गवताने शाकारलेली झोपडी घ्यावी. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे सूर्य मावळताच जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. जानेवारीत दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो. थंडीची लाट असेल तर त्याहून बराच खाली. मातीची भिंत दिवसभराची ऊब धरून ठेवते, कापड ठेवत नाही. सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो, म्हणजे रात्र पुण्याच्या मानाने लांब असते, आणि ज्येष्ठांना दोन वेळा उठावे लागते. म्हणून शौचालय खोलीला जोडून आहे का, ते कमोडचे आहे का आणि वाटेत पायरी आहे का, हे ठरवण्यापूर्वी छायाचित्रे मागवून पाहावे.

सासऱ्यांची व सासूबाईंची नेहमीची औषधे परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. जैसलमेरमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांसाठी मात्र जोधपूर गाठावे लागते, तेथे एम्स आहे. रोख पैसे जवळ असू द्यावेत, कारण ढाणीवर नेटवर्क नसेल तर मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत. आणि ज्या घरी उतराल तेथे पिण्याचे पाणी कोणत्या टाक्यातून घ्यायचे आणि हातपाय धुण्याचे कोठून, हे पोहोचताच विचारून घ्यावे. पाहुण्याला ते कधी अडवणार नाहीत, पण टँकर किती दिवसांनी येतो हे घरच्या बाईला विचारले म्हणजे किती पाणी वापरायचे ते लगेच कळेल.